मदत हवी आहे: बीसी-२२१ चा क्रिस्टल उन्हाळ्यात सरकतो
सर्वांना नमस्कार. मी परभणीचा. माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला बीसी-२२१ हेटरोडाइन फ्रिक्वेन्सी मीटर आहे, म्हणजे बाहेरचा रेडिओ संकेत स्वतःच्या संकेताशी मिसळून त्याची वारंवारता मोजणारे यंत्र. १२५ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ हा पल्ला तो केवळ त्याच एका यंत्रासाठी तयार केलेल्या कॅलिब्रेशनच्या वहीवरून मोजतो. दोन्ही वारंवारता जुळत आल्या की हेडफोनमधली शिट्टी खाली येत येत घरघरीत बदलते आणि मग शांत होते, तो आनंद आकडे दाखवणाऱ्या काउंटरवर मिळत नाही.

अडचण अशी आहे की, त्यातल्या कॅलिब्रेशन तपासायच्या १००० किलोहर्ट्झ क्रिस्टलचा दहावा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दहापट) जीपीएसवर बांधलेल्या १० मेगाहर्ट्झच्या संदर्भाशी ताडला असता सकाळी सेकंदाला साधारण १० ठोके (म्हणजे १० हर्ट्झचा फरक) पडतात, पण दुपारी खोलीत ४० अंश झाले की तेच ४० होतात, म्हणजे मूळ क्रिस्टल सुमारे ४ हर्ट्झ वर गेलेला असतो. हा क्रिस्टलचाच स्वभाव समजावा, की जुन्या कपॅसिटरांचा दोष? क्रिस्टलला समांतर छोटा ट्रिमर (जुळवता येणारा कपॅसिटर) जोडल्यास वारंवारता खाली येते हे ठाऊक आहे, मात्र या खटपटीत व्हीएफओला (डायलने वारंवारता बदलणाऱ्या ऑसिलेटरला) धक्का लागला तर वहीच निरुपयोगी होईल, याची काळजी वाटते. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी यंत्र आधी किती वेळ तापू द्यावे आणि ट्रिमर कोणत्या तापमानाला जुळवावा, हे कृपया सविस्तर लिहावे.