मदत हवी आहे: डिमिनिश्ड सेव्हन्थमधला ‘सातवा’ सूर कुठे आहे?

लोकहो, प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. मी ग्वाल्हेरला लश्कर भागात राहतो, वीसेक वर्षं भजनाला पेटीची साथ करतोय, कॉर्डशी (म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबणं) कधी संबंध आला नाही. पण भाच्याने जुना कीबोर्ड घेतलाय आणि रोज "मामा हे सांग, मामा ते सांग", आता नाही येत म्हणायला जिवावर येतं.

काल सी डिमिनिश्ड सेव्हन्थ नावाची कॉर्ड निघाली, सी म्हणजे माझा सा. मधल्या दोन-दोन पट्ट्या सोडत गेलो तर पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा. म्हणजे सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. अरे हे तर मधुवंती रागातले सूर! एकेक घेतले तर काय गोड, चारही एकदम दाबले की भुताच्या सिनेमात दार करकरतं तसं.

आता घोळ असा की ध सहावा, मग सेव्हन्थ कसली? पुस्तकात तिथे ए (म्हणजे ध) नाही, बी डबल फ्लॅट, म्हणजे दोनदा उतरवलेला बी (नी), लिहिलंय. आणि ग पासून सुरू केलं तरी फिरून त्याच चार पट्ट्या येतात, मग नाव कुठल्या सुराचं द्यायचं?

प्रतिसाद:
काका, नाव अक्षरं मोजून पडतं. एक सोडून एक, सी-ई-जी-बी, जसं आपलं सा-ग-प-नी; सी पासून बी सातवं, म्हणून सेव्हन्थ. नी एकदा उतरवला की कोमल नी, अजून अर्धा सूर उतरवला की पट्टी ध ची पण लिहिताना नीच. सप्तकात १२ पट्ट्या, तीन-तीनची उडी, म्हणून चारच सूर बसतात आणि अशा कॉर्ड एकूण ३ च, बाकी सगळी नावं. नाव ठरतं पुढे कुठे जायचंय त्यावरून, कारण चारातला कुठलाही सूर नी समजून अर्धा वर चढवला की नवा सा मिळतो. किरवाणी राग धरून बघा: नी-रे-म-कोमल ध दाबा आणि लगेच सा-कोमल ग-प वर या, नी सा वर चढेल, ध प वर उतरेल.

धागाकर्ता:
अहो वाजवलं! सा-ग-प वर आलो आणि दार बंद झालं. भाच्याला डबल फ्लॅट मात्र अजून पटलेलं नाही, म्हणतो ए लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं.