लाखोंनी असूनही आयडर धोक्याच्या यादीत

'लाखोंच्या घरात असलेलं आयडर हे समुद्री बदक निअर थ्रेटन्ड, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर, कसं?' हा प्रश्न रास्त आहे, पण हे वर्ग ठरवणारी आययूसीएन ही निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना नुसती डोकी मोजत नाही. तीन पिढ्यांत संख्या किती वेगाने घसरली हेही बघते, आणि आयडर त्यातच अडकलाय. आपल्या ठाणे खाडीतला लेसर फ्लेमिंगोसुद्धा याच वर्गात आहे. ऐरोलीला ओहोटीच्या वेळी त्यांचे थवे बघून कुणाला खरं वाटणार नाही.

फारशी चर्चेत न येणारी गोष्ट म्हणजे उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्रात शिकारी प्राणी-पक्ष्यांकडून आयडरच्या माद्याच जास्त मारल्या जातात. अंडी एकटी मादी उबवते, साधारण 25-26 दिवस, आणि त्या काळात जवळजवळ काहीच खात नाही. स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून घरटं मढवते आणि धोका अगदी जवळ येईपर्यंत जागची हलत नाही. पांढऱ्या शेपटीचा गरुड किंवा अमेरिकन मिंक (मुंगसासारखा शिकारी प्राणी) आला की ती आयतीच सापडते. नर तोवर समुद्रावर निघून गेलेले असतात. म्हणून थवा मोठा दिसला तरी त्यात नरांचाच भरणा असतो आणि घरटी कमी होत जातात. मला एकूण आकड्यापेक्षा याची काळजी जास्त वाटते. आइसलँडमध्ये मात्र 1847 पासून आयडरला कायद्याने पूर्ण संरक्षण आहे, शिवाय पिसांवर उत्पन्न मिळतं म्हणून शेतकरी स्वतःच कोल्हे आणि मिंक यांच्यापासून घरट्यांची राखण करतात.