उशिराचे जन्मदाखले रद्द करून घुसखोर सापडणार का?

धारूरकर:
उशिरा नोंद करून काढलेल्या जन्मदाखल्यांची सरकारनं तपासणी लावलीय. नायब तहसीलदाराच्या सहीचे तर रद्दच करायचं ठरलं, कारण काय तर बांगलादेशी लोकांनी असे दाखले काढल्याचा आरोप. घुसखोर पकडा, माझी ना नाही. पण आम्ही ऊसतोडवाले, माझी धाकटी बहीण साखर कारखान्याच्या तळावर कोपीत (झोपडीत) जन्मली, आईनं पाचव्या दिवशी परत उसाच्या मोळ्या उचलल्या, नोंद कोण करणार? आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करायला दाखला लागला म्हणून मी तिकडच्या तहसीलला चार चकरा मारल्या, नोंद नसल्याचं पत्र, शाळेचा चौथीपर्यंतचा निर्गम उतारा, ॲफिडेव्हिट सगळं जोडलं तवा कुठं दाखला मिळाला. आता नोटीस आलीय, मूळ प्रत जमा करा म्हणून.

जालनेकर:
दादा, तुमचं दुखणं खरंय, पण दाखला तपासायचाच नाही का मग? आधी वर्षावरची नोंद कोर्टातून व्हायची, 2023 च्या दुरुस्तीनं ते महसूल खात्याकडं आलं आणि तिथंच एजंट घुसले. बांगलादेशची सरहद्द 4,096 किलोमीटर, त्यातली पावएक नदीनाल्यातून जाते, तिथून आत आलेला माणूस कागदावरच सापडणार. खोटा दाखला एकदा पचला की त्याच्यावर आधार, पासपोर्ट सगळं निघतंय. आमच्या एमआयडीसीत ठेकेदार माणसं आणतो, कोण कुठला कुणालाच माहीत नसतं.

धारूरकर:
मग ठेकेदाराला धरा ना! एजंटाला धरा! नोटीस कामून आम्हाला? 2025 च्या परदेशी नागरिकांच्या कायद्यातपण संशय आला की आपण परदेशी नाही हे त्या माणसानंच सिद्ध करायचंय. 1987 च्या जुलैपासून जन्मलेल्याला आईबापातलं एकतरी भारतीय दाखवावं लागतं. आमची आई बहात्तरच्या दुष्काळातली, तिचा कागद कुठून आणू? मुंबईत 2025 मध्ये बंगालचे मजूर बांगलादेशी समजून सरहद्दीपल्याड ढकलले, त्यांच्या राज्य सरकारनं धावपळ केल्यावर परत आणले, ते भारतीयच निघाले.

जालनेकर:
ते चुकलंच, त्याचं समर्थन नाही करत. पण त्याच कायद्यात खोट्या किंवा फसवून काढलेल्या पासपोर्ट-व्हिसाला 2 ते 7 वर्षं कैद आहे, ती भीती पाहिजेच. चार जणांची गैरसोय होती म्हणून सगळं मोकळं सोडता येत नाही.

आष्टीची_ताई:
चार जण नाहीत हो, आमच्या तालुक्यात निम्मी गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊन रिकामी होतात. तपासणीला माझापण पाठिंबा आहे, फक्त गावात येऊन करा. ऊसतोडवाल्याला ग्रामसेवकानं ओळखपत्र द्यायचं ठरलंय, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडं टोळीची यादी असती, शाळेचं रजिस्टर असतं, त्याच्याशी ताडून बघा आणि खरा दाखला तिथंच नवा करून द्या. आधी रद्द अन् मग चौकशी, हे उलटंय.

जालनेकर:
गावात जाऊन ताडायचं हे पटलं. रद्द करायचं मात्र आधीच पाहिजे, नाहीतर चौकशी होईस्तोवर खोटा दाखलावाला पासपोर्ट काढून मोकळा होतो.

धारूरकर:
आमची नोटिशीची तारीख 20 ला आहे. बहीण सध्या फडावर आहे, नवराबायकोनं जोडीनं उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, मुकादम दोन दिवस सोडायला तयार नाही. तहसीलवाला म्हणतो तिनं स्वतः यायचं. कुणाला तारीख वाढवून मिळाली असंल तर अर्ज कसा केला ते सांगा.