जुना बोलेक्स एच-16 आखाजीपर्यंत चालता करायचाय, सल्ला हवा

गिरणाकाठ
राम राम मंडळी. मी चाळीसगाव तालुक्यातला. छायाचित्रकार केकी मूस यांच्या कलादालनात लहानपणी गेलो होतो, फिल्मचं वेड तेव्हापासूनचं. गेल्या महिन्यात धुळ्याचा एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, तिथून हा कॅमेरा आणला. 16 मिमीचा, चावीवर चालणारा, पुढच्या फिरत्या चकतीवर तीन लेन्स, रिफ्लेक्स नाही, म्हणजे लेन्समधूनच चित्र बघता येत नाही. चावी पूर्ण भरते. वेग 24 वर (सेकंदाला 24 चौकटी) लावून बटण दाबलं की सात-आठ सेकंद छान घरघरतो, मग आवाज जड होतो आणि बंद पडतो. एका लेन्सला कडेने बुरशीचे धागे आहेत.

आजी खापरावरचे मांडे अजून स्वतः टाकते. हातावर मांडा मोठा करत करत कोपरापर्यंत नेते, आणि मग एका झोक्यात खापरावर. यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते फिल्मवर घ्यायचंय. मोबाइलवर घेतलेलं आहे, पण मला हे हवंय. आतमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडू का?

भुसावळकर
भाऊ, तेल सोडू नका! माझ्या कॅमेऱ्यात एका कारागिराने गंजावरचा स्प्रे मारला होता. तेल पसरत शटरच्या पात्यावर आणि तिथून फिल्मवर गेलं. अख्ख्या रोलवर डाग. आतलं सगळं उघडून पुसण्यात माझे दोन महिने गेले.

तुमचं दुखणं बहुतेक सुकलेल्या ग्रीसचं आहे. चावीची स्प्रिंग जोर देते आणि गव्हर्नर तो जोर एका वेगाला धरून ठेवतो. वर्षानुवर्षं पडून राहिलं की ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. सुरुवातीला स्प्रिंग ताणलेली असते म्हणून ओढून नेते, ताण उतरला की हरते. तेव्हा अर्धी चावी द्या, वेग 16 वर ठेवा, चालवा, थोडा वेळ थांबा, परत चालवा. रोज दहा-पंधरा वेळा, आठ दिवस. फिल्म नसताना 32 च्या वर कधीच नेऊ नका. काम झालं की चावीचा ताण उतरवून ठेवा. ग्रीस पातळ होईल म्हणून उन्हातही ठेवू नका, लेन्सच्या काचा जोडणारा डिंक उन्हाने सुटतो.

एवढं करूनही अडखळला तर जुन्या भिंतीवरच्या घड्याळांचं काम केलेला घड्याळजी शोधा. त्याला गव्हर्नर कळतो. स्प्रिंगचा डबा मात्र त्यालाही उघडू देऊ नका, ती स्प्रिंग सुटली तर बोटं जातील.

तापीची लेक
दादा, सगळ्यात आधी दार उघडून दातेरी चक्रं बघा. दात दोन्ही बाजूंना आहेत की एकाच? आता 16 मिमीची फिल्म बहुतेक एकाच काठाला भोकं असलेली मिळते. दोन्हीकडे दात असलेल्या कॅमेऱ्यात ती घातली तर दुसरा काठ फाटतो. माझ्या कॅमेऱ्याला दोन्हीकडे होते, चक्रं बदलून घ्यावी लागली. हे न बघता रोल मागवू नका.

दुसरं म्हणजे गेट. फिल्म जिथे उजेड घेते ती चौकट. आमच्या घराशेजारी जिनिंग आहे, कापसाची तूस कुठेही शिरते. एक तंतू गेटमध्ये अडकला की पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो. जुन्या फिल्मचा थरही तिथे खडा होऊन बसतो आणि नव्या फिल्मवर उभी रेघ ओढतो. तो काढायला सुई किंवा ब्लेड वापरू नका. उदबत्तीची बांबूची काडी खालून टोकदार करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जरा भिजवा आणि हलक्या हाताने फिरवा.

बुरशी कडेलाच असेल तर चित्रात फारशी येत नाही. त्या तीनपैकी स्वच्छ असेल ती लेन्स वापरा.

गिरणाकाठ
दात एकाच बाजूला आहेत, ताई! फार मोठं काम झालं. भुसावळकर भाऊ, आजपासून रोज चालवतो. पण वेग बरोबर आहे हे कळायचं कसं?

भुसावळकर
एखादा वाया गेलेला रोल मिळवा. 16 मिमीच्या एका फुटात 40 चौकटी असतात. 24 च्या वेगाने दहा सेकंदांत 240 चौकटी, म्हणजे बरोबर सहा फूट. सुरुवातीला फिल्मवर मार्करने खूण करा, मोबाइलवर दहा सेकंद लावा, चालवा, थांबल्यावर त्याच जागी दुसरी खूण करा आणि शिंप्याच्या टेपने मोजा. साडेपाच फूट भरलं तर वेग 22. तोच तुकडा उजेडात तिरपा धरला की रेघा पडतात का तेही दिसेल.

100 फुटी रोल 24 ला पावणेतीन मिनिटं चालतो. एका चावीत साधारण अठ्ठावीस सेकंद. म्हणजे एक मांडा एका चावीत बसवायचा. शूटिंगआधी आजींच्या हाताचा वेग दोन-तीनदा नुसता घड्याळ लावून बघा.

तापीची लेक
आखाजी म्हणजे ऐन उन्हाळा, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे पारा 44-45 ला असतो. कोरा रोल फ्रीजमध्ये ठेवा, वापरायच्या आधी काही तास डबी न उघडता बाहेर काढून ठेवा, नाहीतर फिल्मवर दव धरतं. भरताना सावलीत, पाठ उन्हाकडे करून भरा. चूल अंगणात मांडता आली तर उजेडाचा प्रश्नच मिटतो.

पहिला रोल कृष्णधवल निगेटिव्ह घ्या. चकलीसारख्या वळणांच्या टाकीत घरी धुता येतो. डी-76 ला (फिल्म धुण्याच्या डेव्हलपरला) पाणी 20 अंशांचं लागतं आणि मे महिन्यात नळाला येतं ते चहाच्या आधणासारखं. मी माठाचं पाणी घेते, बर्फाची पिशवी बाहेरून लावते आणि थर्मामीटर काढतच नाही. पण सरावाचा रोल आत्ता, थंडीतच धुऊन घ्या.

गिरणाकाठ
नववा दिवस. 24 वर पूर्ण चावीत न अडखळता चालला. टेपने मोजलं तर पाच फूट नऊ इंच. म्हणजे 23!

भुसावळकर
मस्त. आता वेगाची चकती केसभर पुढे सरकवून परत मोजा. सहा फूट भरले की तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवा, आखाजीला हात थेट त्या रेघेवर गेला पाहिजे.

गिरणाकाठ
मारली रेघ. सरावाचा रोल आज मागवला. आजीला विचारलं, ती म्हणे, "लुगडं कोणतं नेसू?"