शरीर पुढे, मन आपल्या वयाचंच

काहीजण म्हणतात की मुलगी लवकर वयात आली की लवकर समजूतदारही होते. मला हे अजिबात पटत नाही, आणि या समजुतीनेच मुलांचं सर्वांत जास्त नुकसान होतं असं वाटतं. शरीर बदलतं ते हार्मोन्समुळे. आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. ९ वर्षांची मुलगी १३ची दिसली तरी ती ९ वर्षांचीच असते. पण मोठी माणसं तिला ‘आता तू लहान नाहीस’ म्हणत खेळातून उठवतात, अनोळखी नजरा तिच्यावर खिळतात. मग ती पोक काढून चालू लागते, सैल कपड्यांत लपते. मैत्रिणींना अजून यातलं काहीच ठाऊक नसतं, तेव्हा बोलणार तरी कुणाशी? अशा मुलींमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

लवकर वयात आलेल्या मुलग्यांना सुरुवातीला उंची-ताकदीमुळे भाव मिळतो, पण मोठ्या मुलांच्या संगतीत ओढले जाण्याचा धोकाही असतो. (त्यांना रडायची मुभा तर आपण आधीच काढून घेतलेली असते.)

मुलीत ८ आणि मुलग्यात ९ वर्षांआधी वयात येण्याचे बदल दिसले तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. हाडांची वाढ लवकर थांबून उंची खुंटू शकते. गरज असेल तर त्यावर उपचार आहेत. आणि मुलीला पाळीबद्दल ती येण्याआधीच सांगा, घाबरून रडत आल्यावर नव्हे.