विहिरीतला दगड ॲसिडने धुवू का? (अर्जंट)

विहीरवाला: सुरुंग उडवल्यावर खडकात पोकळी निघाली, त्यात हे. भाऊ म्हणतो ॲसिडने लख्ख होईल. बाटली आणलीय. हो की नाही, तेवढंच सांगा.

दगडू_नाना: 'हे' म्हणजे काय? फोटो चढलेला नाही. रंग? गाव?

विहीरवाला: रेंज नाही. खाली गुलाबीसर, वर काचेसारखे खडे. सिन्नरकडे.

मावशी: अगंबाई, स्फटिक! देवघरात ठेवा, ॲसिड कसलं घालताय.

खडाष्टक: गारगोटीच. तिला ॲसिडने काही होत नाही. मी नेहमी तसंच धुतो. बिनधास्त ओता.

दगडू_नाना: न बघता बिनधास्त? त्या भागात कॅल्साइट, स्टिल्बाइट, अपोफिलाइट ही खनिजंही निघतात. ॲसिडने कॅल्साइट विरघळेल, बाकीच्या दोघांचीही वाट लागेल. विहीरवाले, खड्याच्या बाजू मोजा. चाकू ओढून बघा. लिंबू पिळा.

विहीरवाला: चार बाजू. ओरखडा पडला. लिंबाने काही नाही. वरची सपाट बाजू मोत्यासारखी चमकते. आता ओतू का?

दगडू_नाना: नको! गारगोटीला सहा बाजू असतात, शिवाय तिचा कठीणपणा १० पैकी ७, चाकूचा साडेपाचच्या आसपास. ओरखडा उठलाच नसता. फसफसलं नाही, म्हणजे कॅल्साइटही नाही. हा अपोफिलाइट. खालचा गुलाबी भाग बहुधा स्टिल्बाइट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेलं सिलिका-कॅल्शियम असं जमत गेलं. दोघांच्याही घडणीत पाणी आहे, तेव्हा गॅसवर वाळवूही नका. साधं पाणी, मऊ ब्रश, बास.

खडाष्टक: अपोफिलाइट झिओलाइट, म्हणजे स्टिल्बाइटच्या कुळातला, नसतो हो.

दगडू_नाना: मी म्हटलं कुठे? गारगोटी तुम्ही म्हणालात.

बाजारभाव: किलोला काय मिळेल?

शेतकरी_राजा: ते दगड राहू द्या. पाणी लागलं का? मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या खडकातल्या पोकळ्या अशा भरून आलेल्या असल्या की तो पाणी कमीच धरतो. आडवं बोअर मारा.

विहीरवाला: पाणी नाही अजून. बोअरचा धागा वेगळा काढतो. नाना, भावाने तेवढ्यात दुसऱ्या एका पिवळट दगडावर ॲसिड ओतलं. नुसता फेस. तो कुठला?

दगडू_नाना: कॅल्साइट होता.