मदत हवी आहे: ताडोबातल्या बछड्यांचे पोर्ट्रेट (फोकस, हिरवी झाक आणि एडिटिंग)

नमस्कार मंडळी,

या उन्हाळ्यात ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये (गाभ्याभोवतीच्या जंगलात) एक वाघीण आणि तिच्या दोन बछड्यांचे बरेच फोटो मिळाले. बछडे सहा-सात महिन्यांचे असतील, असं गाईडदादा म्हणाले. त्यातले निवडक फोटो जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या शाळेला द्यायचे आहेत. १२×१८ इंची प्रिंट काढून वर्गाच्या भिंतीवर लावणार आहोत.

त्या गावात वाघ सगळ्यांना माहीत आहे, पण तो गुरं मारणारा वाघ. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला घरची माणसं पहाटे जंगलात जातात आणि ती परत येईपर्यंत घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. आईजवळ निवांत बसलेला बछडा कसा दिसतो, आवाज आला की कान कसे वळवतो, हे या मुलांना जवळून आणि न घाबरता बघता यावं असं मला फार वाटतं. म्हणूनच फोटो गोंडस नको, खरा हवा. नेमकं तिथेच अडलंय.

कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, २४ मेगापिक्सेल. लेन्स १५०-६०० झूम. सगळे फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) आहेत.

पहिली अडचण फोकसची. प्राण्यांचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस मोकळ्यावर छान चालतो, पण बछडा बांबूत किंवा गवतामागे असला की काडीवर जाऊन बसतो. दोन बछडे एका फ्रेममध्ये असले की एक शार्प, दुसरा मऊ. ६०० मिमी, एफ/६.३ (लेन्सचं छिद्र), शटर १/२००० सेकंद ठेवलं होतं. पहाटेच्या उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्या वर जात होता.

दुसरी अडचण नॉइजची, म्हणजे जास्त आयएसओमुळे येणाऱ्या दाण्यांची. सॉफ्टवेअरचं डीनॉइज लावलं की दाणे जातात, पण त्याबरोबर गालांवरचे आणि कानांच्या आतले बारीक केसही जातात. बछड्याचा चेहरा दुकानातल्या बाहुलीसारखा गुळगुळीत होतो. डीनॉइज कमी ठेवलं तर मोठ्या प्रिंटमध्ये दाणे दिसतील अशी भीती वाटते.

तिसरी हिरव्या रंगाची. डोळ्यांवरचा आणि गालांवरचा पांढरा भाग हिरवट येतो. व्हाइट बॅलन्स (सगळ्या फोटोचा रंगसमतोल) सरकवून तो काढला तर मागचा बांबू जांभळट होतो. १ ऑक्टोबरला कोअर (प्रकल्पाचा गाभा) उघडला की पुन्हा जायचा विचार आहे. तेव्हा तर रान हिरवंगार असेल आणि गवत उंच, म्हणजे ही झाक आणखी वाढणार.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. एडिटिंगमध्ये नेमकं कुठे थांबावं, यावरही मतं वाचायला आवडतील.

प्रतिसाद

ताई, उद्देश फार आवडला. फोकसबद्दल लिहितो.

आधी शटर स्पीड. बछडा बसलेला असेल, जिप्सीचं इंजिन बंद असेल आणि लेन्स बीन बॅगवर टेकवलेली असेल तर १/५०० पुरतं. १/२००० वरून १/५०० वर आलात की दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड मिळतो, म्हणजे ६४०० चा आयएसओ १६०० वर येतो. नॉइजचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो. दोघं खेळायला लागले की १/१६०० वर जा. कॅमेऱ्याच्या कस्टम मोडवर या दोन सेटिंग्ज आधीच साठवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी चाकं फिरवत बसावं लागणार नाही. गाडीतल्या बाकीच्यांना मात्र हलू नका म्हणून आधीच विनंती करायची. मागच्या सीटवर कुणी उभं राहिलं तरी ६०० मिमीला ते जाणवतं.

आता दोन बछड्यांचं गणित. तुमच्या सेन्सरवर ६०० मिमी, एफ/६.३ आणि २० मीटर अंतर धरलं तर शार्प पट्टा साधारण २८ सेंमीचा मिळतो. एका बछड्याचं नाक, डोळे, कान त्यात बसतात. दुसरा हातभर मागे बसला असेल तर तो मऊ येणारच, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. एफ/९ केलंत तर पट्टा ४० सेंमीच्या आसपास जातो, पण एक स्टॉप उजेड गमवावा लागतो. झूम ४०० वर आणला तर एफ/६.३ लाच तो साठ सेंमीच्या पुढे जातो. नंतर क्रॉप केल्यावर त्यातला थोडा फायदा कमी होतो, तरी दोघांसाठी मी ४०० च निवडेन. आजूबाजूचं रानही फ्रेममध्ये येतं आणि ते मुलांच्या ओळखीचं रान आहे.

गवतामागे असताना डोळा ओळखणं बंद करून सर्वांत लहान सिंगल पॉइंट घ्या आणि तो डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर ठेवा. तिथल्या काळ्या रेघेला कॉन्ट्रास्ट चांगला असतो, फोकस लगेच पकडतो. एकदा पकडला की बॅक बटण (कॅमेऱ्याच्या मागचं, फोकससाठी नेमलेलं बटण) सोडून द्या. प्रत्येक फोटोला पुन्हा फोकस केला की काडीवर जायची संधी परत परत मिळते.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +१. मी एडिटिंगबद्दल.

डीनॉइज सगळ्यात आधी, रॉ फाइलवर, आणि त्याचं प्रमाण १०० टक्के झूम करून मिशांच्या मुळांकडे बघून ठरवा. तिथल्या ठिपक्यांच्या ओळी आणि कानातले केस वेगवेगळे दिसायला हवेत. ते एकमेकांत मिसळायला लागले की मागे या. पार्श्वभूमीसाठी वेगळा मास्क (फक्त तेवढाच भाग निवडणं) करून तिथे नॉइज हवा तेवढा काढा. मऊ, धूसर बांबूत दाणे पटकन डोळ्यांत भरतात, केसाळ अंगावर तेवढेच दाणे कळतही नाहीत. प्रिंटची भीती तर सोडाच. स्क्रीनवर १०० टक्क्यांना दिसणारे दाणे १२×१८ च्या कागदावर हातभर अंतरावरून फारसे उरत नाहीत. भिंतीवरच्या प्रिंटला इंचाला २०० पिक्सेल पुष्कळ होतात, म्हणजे ३६००×२४००. तुमची फाइल ६०००×४००० ची आहे, त्यामुळे क्रॉपलाही भरपूर वाव आहे.

शार्पनिंग करताना लाइटरूममध्ये मास्किंगचा स्लायडर ऑल्ट कळ दाबून सरकवा. जिथे शार्पनिंग लागणार तो भाग पांढरा दिसतो. डोळे, नाक, मिशा, पट्ट्यांच्या कडा एवढंच पांढरं राहू द्या. क्लॅरिटीला (कडांचा उठाव वाढवणाऱ्या स्लायडरला) मी बछड्यांच्या फोटोत हात लावत नाही. लहान वयात अंगावरचे केस मऊ, पिंजारलेले असतात. क्लॅरिटी वाढवली की ते राठ दिसतात आणि बछडा उगाच मोठा वाटतो.

हिरवी झाक ही व्हाइट बॅलन्सची चूक नाही. आजूबाजूच्या पानांवरून परतलेला उजेड त्या पांढऱ्या केसांवर पडतो, म्हणून ते हिरवट दिसतात. म्हणूनच सगळ्या फोटोचा बॅलन्स सरकवला की बांबू बिघडतो. फक्त पांढऱ्या भागावर ब्रशने मास्क करा, टिंट थोडा मजेंटाकडे न्या, सॅच्युरेशन थोडं कमी करा. पूर्ण शुभ्र करू नका. तो बछडा सावलीत बसलेला होता, हे फोटोत कळायला हवं.

फोटो काढतानाच एक काळजी घ्या. मागे काळोखी बांबू असला की कॅमेरा फोटो उजळ करतो आणि डोळ्यांवरचे पांढरे ठिपके जळतात, म्हणजे तिथला तपशील जातो. एक्स्पोजर पाऊण स्टॉपपर्यंत खाली आणा, पण हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघून. गरज नसताना अंधारं काढलं आणि घरी उजळलं की पुन्हा नॉइज.

डोळ्यांबाबत माझं मत ठाम आहे. बुबुळाच्या रंगीत भागाला पाव स्टॉप उजेड, बस. रंग बदलायचा नाही, चमक नवीन रंगवायची नाही. अगदी लहान पिल्लांचे डोळे निळसर असतात, तुमच्या बछड्यांच्या वयापर्यंत ते पिवळट झालेले असतात. हल्ली बघावा तो वाघ पेटलेल्या डोळ्यांचा. त्या गावातल्या मुलांना तसा वाघ अजिबात दाखवू नये.

प्रतिसाद

तंत्राबद्दल वर सगळं आलंय. मी ऑक्टोबरच्या ट्रिपबद्दल बोलते.

गवत उंच असताना वाघीण पिल्लांना आत बसवून शिकारीला जाते. आई दिसत नाही आणि बछडे रस्त्याच्या कडेला आहेत, अशी वेळ आली तर दोन-चार फोटो घेऊन गाडी पुढे काढायला सांगा. आपण थांबलो की मागच्या गाड्याही थांबतात, आणि आईला पिल्लांकडे यायला वाट उरत नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली होती, ते सगळ्यांनी पाहिलंय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही प्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर सांगितलेलं आहे. गाईड आणि ड्रायव्हर बहुतेक वेळा आपल्याच आग्रहामुळे गाडी पुढे नेतात. "दादा, इथूनच पुरे" हे आपणच म्हणायला हवं.

फोटो इथे टाकाल तेव्हा पाणवठ्याचं नाव आणि जीपीएसची माहिती काढून टाका, ही विनंती.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून एका फोटोवर हे सगळं करून पाहिलं. पार्श्वभूमीचा वेगळा मास्क हा सगळ्यात मोठा फरक. गालांवरचे केस परत आले. पांढऱ्यावरची हिरवी झाक निम्मी काढली आणि निम्मी ठेवली.

अंतराचं पटलं. शाळेत फोटो देताना त्याच्या खाली एक ओळ लिहायची ठरवली आहे: हा फोटो किती लांबून काढला आणि आई तेव्हा कुठे बसली होती. मुलं हे नक्की विचारणार.

एका फोटोत बछड्याच्या हनुवटीवरून गवताची काडी आडवी गेली आहे. स्टुडिओवाले म्हणतात, मिनिटात काढून देतो. मला ती ठेवावीशी वाटते. आणि प्रिंट मॅट घ्यावी की ग्लॉसी? भिंतीच्या समोरच मोठी खिडकी आहे.

प्रतिसाद

काडी ठेवा. वाघ गवतात कसा लपतो, हे शिकवायला त्याहून चांगला फोटो मिळणार नाही.

समोर खिडकी असेल तर मॅटच, आणि काचेची फ्रेम नको. मागे फोम बोर्ड लावून घ्या. मॅटवर काळा रंग थोडा फिका उतरतो, त्यामुळे पट्टे राखाडी दिसू शकतात. सगळ्या प्रिंट काढण्याआधी एकाच फोटोची छोटी चाचणी प्रिंट मागवा आणि ती त्याच वर्गात, दिवसाच्या उजेडात धरून बघा.